जबडा ‘कट्’ वाजतो?

जांभई देताना कानापाशी ‘कट्’ होतं? कानाच्या अगदी पुढे जबड्याचा सांधा असतो. त्यातली कूर्चेची चकती पुढे सरकलेली असली, की तोंड उघडताना ती जागेवर येते आणि आवाज होतो. नुसताच आवाज असेल, दुखत नसेल, तर सहसा उपचार लागत नाहीत.

दुखत असेल तर आधी सवयी बघा. मोबाइल बघताना, गाडी चालवताना आपण नकळत दातावर दात दाबून धरतो. खरं तर खाणं-गिळणं सोडलं तर दात टेकायलाच नकोत: ओठ मिटलेले, दात सुटे! काही दिवस च्युइंगम, ऊस, चिक्की बंद. मऊ खिचडी आणि गरम शेक. जांभईला हनुवटीखाली मूठ धरा.

जबडा अडकत असेल किंवा तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर दंतवैद्यांना दाखवा. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांनी तर अजिबात उशीर करू नये.