एक सेंट रोख

१८३० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्र ही पेढीवर बसून वाचायची वस्तू होती. अंकाची किंमत सहा सेंट. पण सुटा अंक घेणारा विरळाच, कारण रिवाज वर्षाच्या वर्गणीचा होता. ती आठ-दहा डॉलर, म्हणजे साध्या मजुराच्या आठवड्याभराच्या कमाईहून जास्त. एवढे पैसे मोजून हाती काय यायचं, तर बंदरात लागलेली जहाजं, मालाचे भाव, वॉशिंग्टनमधली लांबलचक भाषणं आणि एका पक्षाच्या संपादकाने दुसऱ्याला घातलेल्या शिव्या. कागद इतका मोठा की लोक चेष्टेने त्याला ‘ब्लँकेट’ म्हणत. आपण घोंगडी म्हणू.

या शहरात बेंजामिन डे नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाचा छोटा छापखाना होता. १८३२ च्या कॉलऱ्याने धंदा बसला होता आणि यंत्र रिकामं पडून होतं. स्वस्त दैनिकाची कल्पना काही त्याची एकट्याची नव्हती. होरेशिओ शेपर्ड नावाच्या डॉक्टरने चॅटॅम स्ट्रीटवरचे फेरीवाले एका सेंटला एक वस्तू असा माल भराभर खपवताना पाहिले होते. त्याने १८३३ च्या १ जानेवारीला तसं दैनिक काढूनही पाहिलं. त्या दिवशी बर्फ पडत होता. महिना उलटायच्या आत दैनिक बंद झालं.

डेने त्याच वर्षी ३ सप्टेंबरला ‘द सन’चा पहिला अंक काढला. चार पानं, आकार शाळेच्या वहीपेक्षा थोडा मोठा, किंमत एक सेंट. जाहिराती मिळाल्या नव्हत्या, म्हणून त्याने दुसऱ्यांच्या अंकांतल्या उचलून फुकट छापल्या. पान भरलेलं दिसायला हवं होतं. बातम्याही बऱ्याचशा अशाच उसन्या होत्या.

सहा सेंटांची गोष्ट एका सेंटात परवडली कशी, हा खरा प्रश्न. स्वस्ताई यंत्रामुळे आली असं सरसकट सांगितलं जातं. ते पुरतं पटत नाही. डेचं पहिलं यंत्र हाताचं होतं, तासाला दोनशेच्या आसपास कागद काढणारं. वाफेची आणि सिलिंडरची यंत्रं खप वाढल्यावर आली, आणि रिचर्ड हो याचं तासाला आठ हजार प्रती छापणारं फिरतं यंत्र तर १८४७ साली फिलाडेल्फियाच्या ‘पब्लिक लेजर’मध्ये प्रथम बसलं. म्हणजे यंत्राच्या आधी हिशेब बदलला होता. जुन्या पत्राचा पोशिंदा वर्गणीदार आणि पक्ष, नव्याचा जाहिरातदार. वाचकाकडून घ्यायचा तो एक सेंट नावापुरता. वाचक जितके जास्त, तितकी जाहिरातीची जागा महाग. आजही सकाळी दारात पडणाऱ्या अंकाचा खर्च त्याच्यावर छापलेल्या किमतीतून निघत नाही, तो याच हिशेबामुळे.

पण आधी वाचक तर हवा. डेने जॉर्ज विस्नर या बेकार मुद्रकाला आठवड्याला चार डॉलरवर नेमलं. काम एवढंच, की पहाटे उठून पोलीस कोर्टात जाऊन बसायचं. दारू पिऊन पडलेला खलाशी, बायकोला मारणारा नवरा, कोंबडी चोरणारा पोऱ्या यांची प्रकरणं विस्नर चार-पाच ओळींत, थोडी फिरकी घेत लिहायचा. ज्यांचं नाव वर्तमानपत्रात कधीच येणार नव्हतं त्यांचं येऊ लागलं, बहुधा आरोपी म्हणून. शेजारच्या गल्लीतली भानगड छापून आलेली वाचायला माणूस एक सेंट आनंदाने काढतो, हे डेला बरोबर कळलं होतं.

१८३५ च्या ऑगस्टमध्ये मात्र ‘सन’ गल्लीतून थेट चंद्रावर गेला. प्रख्यात खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल तेव्हा खरोखरच दक्षिण आफ्रिकेत केप ऑफ गुड होपला निरीक्षणं करत होते. त्यांनी प्रचंड दुर्बिणीतून चंद्रावरची जंगलं, रानरेड्यांचे कळप, दोन पायांवर चालणारे बीव्हर आणि वटवाघळासारखे पंख असलेली माणसं पाहिली, अशी सहा भागांची लेखमाला २५ ऑगस्टपासून सुरू झाली. आधार म्हणून एडिंबरोच्या एका शास्त्रीय नियतकालिकाचं नाव दिलं होतं. ते तेव्हा निघतच नव्हतं. लेखक होता पत्राचाच संपादक रिचर्ड अ‍ॅडम्स लॉक. मालिका चालू असतानाच डेने खप १९,३६० वर गेल्याचं जाहीर केलं आणि लंडनच्या ‘टाइम्स’लाही मागे टाकल्याची बढाई मारली. इतर पत्रांनी लेख जसेच्या तसे उचलले. भांडं फुटलं, पण ‘सन’ने चूक कधी स्पष्टपणे कबूल केली नाही. वाचकही फारसे रागावले नाहीत. एका सेंटात एवढी करमणूक, तक्रार कोण करणार? हर्शेल यांना आधी हसू आलं; पुढे जो तो त्याबद्दलच विचारू लागल्यावर ते वैतागले.

त्याच वर्षी ६ मे रोजी जेम्स गॉर्डन बेनेट या मूळच्या स्कॉटिश पत्रकाराने ‘हेरल्ड’ काढलं. भांडवल पाचशे डॉलर, जागा वॉल स्ट्रीटवरचं तळघर, आणि टेबल म्हणजे पिठाच्या दोन पिंपांवर टाकलेली फळी. पुढच्या एप्रिलमध्ये हेलन ज्युएट या तरुण वेश्येचा खून झाला. बेनेट स्वतः त्या कोठीत गेला, प्रेताचं वर्णन लिहिलं, मालकिणीशी झालेली प्रश्नोत्तरं छापली. ‘हेरल्ड’चा खप उसळला. पण बेनेटला नुसता सनसनाटीवाला म्हणणं अन्यायाचं होईल. वॉल स्ट्रीटच्या उलाढालींवर पेढीवाल्यांच्या भिडेला न जुमानता रोजचं सदर लिहिणाराही तोच. ‘कुरियर अँड एन्क्वायरर’चा संपादक जेम्स वॉटसन वेब याने त्याला भर रस्त्यात छडीने बडवलं, तर बेनेटने त्या मारहाणीची बातमीही आपल्याच पत्रात चवीने छापली.

समुद्रापलीकडे एमिल द जिरार्दँ याने १८३६ साली पॅरिसमध्ये ‘ला प्रेस’ काढलं आणि इतर पत्रांची वर्गणी ऐंशी फ्रँक असताना आपली चाळीसच ठेवली, हिशेब तोच, जाहिरातीचा. इंग्लंडमध्ये सरकारी मुद्रांक-कर आड येत होता. तो १८५५ साली उठला आणि ‘डेली टेलिग्राफ’ त्याच वर्षी एका पेनीला मिळू लागलं.

स्वस्त अंकाचा उरलेला भार कुणी उचलला, हे मात्र रस्त्यावर दिसायचं. डेने विक्रेते हवेत म्हणून जाहिरात दिली ती बेकार पुरुषांसाठी, आली पोरं. पहिला मानला जातो तो दहा वर्षांचा बर्नार्ड फ्लाहर्टी, जो पुढे बार्नी विल्यम्स या नावाने नट म्हणून गाजला. पद्धत लंडनहून घेतलेली: शंभर अंक रोखीने सदुसष्ट सेंटांना. सगळे खपले तर तेहतीस सेंट पोराचे. न खपलेले परत नाहीत. पावसाने, थंडीने किंवा मिळमिळीत बातमीने येणारा तोटा अशा रीतीने मालकाच्या गल्ल्यातून पोरांच्या खिशात गेला. रात्री यातली कित्येक छापखान्यांच्या पायऱ्यांवर झोपत. १८५४ साली चिल्ड्रन्स एड सोसायटीने त्यांच्यासाठी पहिलं निवासगृह उघडलं ते ‘सन’च्याच इमारतीच्या माळ्यावर. एका रात्रीच्या बिछान्याचं भाडं सहा सेंट.

डेने ‘सन’ १८३८ मध्येच मेहुण्याला चाळीस हजार डॉलरला विकून टाकला होता आणि जन्मभर त्याचा पश्चात्ताप केला. पोरांचा प्रश्न त्याच्यानंतरही साठ वर्षं तसाच राहिला. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धात खप वाढला, तेव्हा न्यूयॉर्कचे बडे पत्रमालक पुलित्झर आणि हर्स्ट यांनी शंभर अंकांचा दर पन्नासवरून साठ सेंट केला आणि युद्ध संपल्यावरही तो उतरवला नाही. जुलै १८९९ मध्ये पोरांनी दोघांचेही अंक उचलायचं थांबवलं. दोनेक आठवड्यांनी तडजोड झाली. दर साठ सेंटच राहिला. न खपलेले अंक परत घ्यायला मात्र दोन्ही मालक तयार झाले.