मध्येच दोरा तुटला तर...

फ्री-मोशन क्विल्टिंगमध्ये मशीनचे दात खाली घेतलेले असतात. गोधडी आपल्याच हातांनी फिरते. मशीन संथ आणि हात घाईत, की सुई वाकते आणि दोरा तटकन तुटतो. अशा वेळी बहुतेकजणी आधी टेन्शन पिळतात. नका पिळू. फूट वर उचला आणि दोरा रिळापासून नव्याने ओवा. फूट खाली असताना ओवलेला दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. तरीही तुटला तर सुई बदला. ९०/१४ क्रमांकाची टॉपस्टिच सुई घ्या. तिचं नेढं मोठं असतं, दोरा कमी घासतो.

आता जोड. मागचे थोडे टाके उसवून बोटभर दोरा मोकळा करा, बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या आणि शेवटच्या टाक्याच्या भोकातूनच पुन्हा सुरुवात करा. सुट्या टोकांची गाठ मारून हातसुईने ती आतल्या थरात ओढा. हलकासा ‘टक्’ जाणवला, की गाठ आत गेली. घाईत चार-पाच टाक्यांवरून पुन्हा शिवलं तरी चालतं, पण गडद कापडावरच्या पांढऱ्या दोऱ्यात ती जाडी दिसतेच.

आजीच्या डब्यातलं जुनं रीळ आधी हाताने ताणून पाहा. सहज तुटत असेल, तर ते कच्च्या टाक्यांसाठीच ठेवा.