जुनी जोंगा सजवताना : आधी तारा, मग गाद्या

जबलपूरहून कटनीच्या दिशेने निघाले की चाळीसेक किलोमीटरवर सिहोरा लागते. तहसिलीचे गाव, भोवताली शेती आणि लोहखनिजाच्या खाणी. डांबरी रस्ता सोडला की उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल. अशाच वाटांसाठी घडवलेली एक दणकट गाडी याच जिल्ह्यात तयार होत असे. तिचे नाव जोंगा.

नाव परदेशी वाटले, तरी ते अस्सल जबलपुरी आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन-कॅरेज असेंब्ली’ या शब्दांतल्या अक्षरांतून ते तयार झाले. निसान या जपानी कंपनीच्या ‘पॅट्रोल’ गाडीच्या परवान्यावर जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून ती लष्करासाठी बनू लागली. सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना मिळणारी ताकद ही तिची ओळख. १९९९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. लष्कराने लिलावात काढलेल्या जोंगा हौशी लोकांनी घेतल्या. क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी २०१९ मध्ये रांचीत जोंगा चालवताना दिसला, तेव्हा अनेकांना ही गाडी पुन्हा आठवली.

म्हणजे आजची सर्वांत ‘तरुण’ जोंगासुद्धा पंचविशी ओलांडलेली आहे. अशी गाडी घरी आली की पहिला खर्च होतो तो नव्या रेक्झिनवर, टेपवर आणि झगझगीत दिव्यांवर. खरा धोका मात्र डॅशबोर्डच्या मागे, डोळ्यांआड असतो.

तारांचे वय

इंजिनच्या उष्णतेने जुन्या तारेचे आवरण कडक होते आणि वाकवताच तडकते. उघडे पडलेले तांबे पत्र्याला टेकले की ठिणगी उडते. बॅटरी एका क्षणात शेकडो अँपियरचा प्रवाह सोडू शकते. वाटेत फ्यूज नसेल तर तार लाल होऊन पेट घेते आणि पेट्रोलची नळी तिथून फार लांब नसते. म्हणूनच तुटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावत बसण्यापेक्षा सगळ्या तारा एकदाच नव्या घालणे स्वस्त पडते.

हे काम सुरू करताना बॅटरीची ऋण बाजूची तार सर्वांत आधी काढावी आणि ती सर्वांत शेवटी जोडावी. मुख्य फ्यूज बॅटरीपासून शक्य तितका जवळ असावा. तार जिथे पत्र्यातून आरपार जाते, तिथे रबरी कडे हवेच. नाहीतर सततच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार तार कापते. फ्यूजची क्षमता तारेच्या जाडीनुसार ठरवावी. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज बसवणे म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवणे!

आणखी एक खबरदारी. लष्करी गाड्यांत पुष्कळदा २४ व्होल्टची व्यवस्था असते, तर बाजारात मिळणारे बहुतेक सामान १२ व्होल्टचे. काहीही विकत घेण्यापूर्वी मीटर लावून खात्री करावी.

दिवे मंद का?

दिवे मिणमिणतात म्हणून लोक मोठे बल्ब आणतात. दोष बहुधा बल्बचा नसतो, तो गंजलेल्या अर्थिंगचा असतो. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे १० अँपियर प्रवाह घेतात. जोडात ०.१ ओहम इतका किरकोळ अडथळा असला, तरी एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि उजेड एक चतुर्थांशाने घटतो. बॅटरी, इंजिन आणि चॅसी यांना जोडणाऱ्या पट्ट्या घासून चकचकीत केल्या आणि दिव्यांचा प्रवाह जुन्या स्विचऐवजी रिलेमार्फत नेला की तेच बल्ब लख्ख पेटतात.

जुना डायनॅमो इंजिन मंद चालत असताना पुरेसे चार्जिंग करत नाही. त्याच्या जागी ऑल्टरनेटर बसवला तर चार्जिंगची तारही जाड घ्यावी. जुना अँपमीटर तेवढा प्रवाह पेलत नसेल तर त्याऐवजी व्होल्टमीटर लावावा. इंजिन चालू असताना त्याचा काटा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान राहिला म्हणजे सारे ठीक. २४ व्होल्टच्या गाडीत हे आकडे दुप्पट धरावेत.

आता गाद्या

तारांचे काम पुरे झाल्यावरच आतल्या सजावटीला हात घालावा. जुनी चटई उचलून तळाचा पत्रा टोचून पाहावा. गंज खरवडून, पत्रा जोडून, रंग देऊन मगच तो झाकावा. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी आणि ऑल्टरनेटरच्या तारा काढून ठेवाव्यात. घरातल्यासारखा गालिचा इथे नको. तो पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा गुपचूप खातो. उचलून धुता येईल अशी रबरी चटई बरी. चिखलाचे पाणी जाण्यासाठी तळाला ठेवलेली भोके बुजवू नयेत.

चाळीस अंशांच्या उन्हात रेक्झिन अंगाला चटके देते. त्यावर जाड सुती खोळ घालावी. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे सीटबेल्ट. पातळ पत्र्यावर बोल्ट आवळून भागत नाही. बेल्ट चॅसीला किंवा मजबूत खांबाला, मागे पोलादी पट्टी देऊनच बसवावा. मागच्या आडव्या बाकांवर मुलांना बसवण्याचा मोह आवरावा. अचानक ब्रेक लागला तर तिथे त्यांना आधार नसतो.

कागदही तितकेच महत्त्वाचे

लष्कराची गाडी घेताना संबंधित अधिकाऱ्यांचे मूळ विक्री-प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. तारा, फ्यूज किंवा गादीचे कापड नवे करणे ही दुरुस्ती झाली. इंजिन किंवा आसनसंख्या बदलायची असेल तर आधी आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीलाही कळवावे.

२०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. त्यासाठी चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात हवे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. रॅली, प्रदर्शन, इंधन आणि देखभाल अशा ठराविक कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. सुरुवातीच्या वर्षांतल्या जोंगा आता या वयाच्या झाल्या आहेत. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग, मग तो जुना स्विच का असेना, चिठ्ठी लावून डब्यात जपून ठेवावा. नव्या तारांचा नकाशाही कागदावर काढून गाडीतच ठेवावा. आडरानात रात्री दिवे गेले, तर तो नकाशा टेपपेक्षा नक्कीच जास्त उपयोगी पडेल.