झाडाखालची जमीन

दिवाळीच्या साफसफाईतून अंगणातल्या आंब्याखालची जमीनही सुटत नाही. पालापाचोळा खराट्याने ओढून पेटवला जातो, पावसाळ्यात आपसूक उगवलेलं काही पिवळं पडत चाललेलं दिसलं तर तेही उपटून टाकलं जातं आणि उघड्या पडलेल्या मातीकडे पाहून ठरतं, की इथे लॉन लावायचं. वर्ष-दोन वर्षांत ते लॉन विरळ होऊन मरतं, मग तिथे फरशी बसते. दोष सावलीवर टाकला जातो. पण सह्याद्रीच्या रानात याहून दाट सावलीत भर पावसाळ्यात पाय ठेवायला मोकळी जागा सापडत नाही. आपलं चुकतं ते मागण्यात. झाडाखाली बाराही महिने हिरवा गालिचा हवा, असा आपला हट्ट. आणि इथल्या रानातली जमीन चार-पाच महिने हिरवी आणि उरलेलं वर्ष पाचोळ्याखाली निजलेली असते. ते वेळापत्रक मान्य केलं, तर सावलीतली बाग ही सगळ्यात कमी कष्टाची बाग आहे, असं माझं म्हणणं आहे.

लॉनसाठी लावली जाणारी हरळी मुळात उघड्या माळावरची. ऊन भरपूर असेल तर ती चरली, तुडवली, कापली तरी पुन्हा उठते, कारण गेलेलं पान भरून काढण्याइतकं अन्न ती उन्हात सहज तयार करते. सावलीत तिची कमाई घटते, कापणी मात्र तेवढीच राहते. शिवाय झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीतच पसरलेली असतात. लॉनसाठी जमीन खणली की ती तुटतात, वर मातीचा भराव टाकला की त्यांना हवा मिळत नाही. आंब्याच्या बाबतीत आणखी एक नुकसान होतं. मोहोर धरण्यापूर्वी त्याला पाण्याचा ताण लागतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत लॉनला रोज पाणी दिलं जातं.

रानातली जमीन कशी चालते, हे नीट पाहण्यासारखं आहे. युरोपातल्या जंगलात जमिनीलगतची फुलं वसंताच्या सुरुवातीलाच घाईने उमलतात, कारण वरची झाडं पानांनी भरली की खाली ऊन पोचत नाही. आपल्याकडे पुष्कळ झाडांना ऐन उन्हाळ्यातच नवी पालवी फुटते, म्हणजे छत आधीच तयार होत असतं. अडलेलं असतं ते पाण्यासाठी. पाऊस आला की जमिनीतले कंद जागे होतात, आणि पुष्कळ कंद पानाच्या आधी फूल वर काढतात. जूनमध्ये ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत शेवळांच्या जुड्या येतात. खाज मोडावी म्हणून काकडाची आंबट फळं घालून शिजवली जाणारी ही भाजी म्हणजे सुरणाच्या एका रानभावंडाचा न उमललेला फुलोरा. त्याचं पान नंतर येतं. फुलासाठीचा खर्च कंद गेल्या वर्षीच्या शिलकीतून करतो, आणि मागून आलेलं पान पुढच्या वर्षाची शिल्लक टाकतं.

बागेसाठी एकच वनस्पती निवडायची झाली, तर मी रानहळद निवडेन. जॉन ग्रॅहमने मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची केली, ती 1839 मध्ये छापली गेली. या हळदीचं शास्त्रीय नाव त्याच सूचीतलं. पान रुंद, कर्दळीच्या घाटाचं, कमी उजेड जास्तीत जास्त टिपणारं. सुरुवातीच्या पावसात तिचा दांडा जमिनीतून, पानांच्या शेजारून निघतो. पुढे तोच पानांच्या मधून वर येतो. दांड्यावर हिरव्या वाट्या एकीवर एक रचल्यासारख्या दिसतात, त्यांत पावसाचं पाणी साठलेलं असतं आणि एकेका वाटीतून पिवळं फूल डोकावतं. शेंड्याच्या पाकळ्यांसारख्या वाट्या गुलाबी-जांभळ्या असतात. लांबून त्याच फुलासारख्या भासतात. मातीखाली मुळांच्या टोकांना लहान गाठी लोंबतात, ती तिची कोठी.

ही कोठी ध्यानात घेतली की लागवडीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मेअखेरीस, पाऊस यायच्या आत, मुळांच्या मधली मोकळी जागा शोधून खुरप्याने छोटा खड्डा करावा, कुदळ लावू नये. कंद दोन-तीन इंच खोल, एकमेकांपासून फूटभर अंतरावर ठेवावेत आणि वर कुजलेल्या पाल्याचं खत घालावं. पावसाळा सरताना पिवळी पडू लागलेली पानं कापू नयेत, कारण त्यांतलं अन्न तेव्हा कंदात उतरत असतं. आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात तिथे पाणी देऊ नये. देशी झाडं बागेत टिकत नाहीत अशी तक्रार वारंवार कानी येते. निजलेल्या कंदावर रोज फवारा सोडला तर तो कुजणारच.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की मग सात-आठ महिने ओसाड जमीन बघत बसायचं का? पाचोळ्याला ओसाड म्हणणं मला पटत नाही. वैशाखातल्या उन्हात तो मातीतला ओलावा धरून ठेवतो, कुजून तिथेच खत होतो आणि पहिल्या झोडपणाऱ्या सरींत माती वाहू देत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास जगापुढे मांडला. यांतल्या काही रायांत पडलेली काटकीही उचलायची नाही, असा दंडक असे. त्या दंडकामागे श्रद्धा होती, पण मातीला त्याचा फायदाच झाला. तरीही ज्यांना थोडं हिरवं हवंच, त्यांनी कंदांपासून जरा बाजूला पिंपळी सोडावी. सुंठ-मिऱ्यांच्या जोडीने त्रिकटूत पडणारी ही वेल पेरापेराला मुळं धरत जमिनीवर पसरते. ओल टिकणाऱ्या कडेला मंडूकपर्णी लावावी, जिला आपल्याकडे सर्रास ब्राह्मीच म्हणतात, आणि दगडाच्या आडोशाला हंसराज. या तिघांना उन्हाळ्यात पाणी लागतं, म्हणून त्यांची जागा कंदांपासून थोडी वेगळी हवी.

पाचोळ्यात साप येतील, डास होतील, ही भीती मी हलकी मानत नाही. घराच्या भिंतीला लागून आणि पायवाटेवर पाचोळा नसावा; तीन-चार फुटांचा पट्टा झाडून स्वच्छ ठेवावा. साप मात्र उंदीर-बेडकांमागे येतो आणि विटा-दगडांच्या ढिगात, अडगळीत आसरा घेतो. ती हलवल्याशिवाय नुसता पाचोळा जाळून काही साधत नाही. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात, म्हणजे कुंडीखालच्या बशीत आणि टाकून दिलेल्या टायरात वाढतो.

दुसरा प्रश्न विचारला जातो तो वेडेलियाचा. पिवळ्या फुलांची ती वेल सावलीतही पसरते, फुकट मिळते, मग ती का नको? झाड परदेशी आहे एवढ्यावर माझा आक्षेप नाही. मिरची-पेरूही बाहेरूनच आले. पण अमेरिकेच्या उष्ण भागातली ही वेल जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. तुटलेला तुकडाही रुजतो, आणि एकदा पसरली की खालून दुसरं काही वर येत नाही. याउलट रानहळदीचं एखादं पान नळीसारखं गुंडाळलेलं दिसलं, तर आत बहुधा ग्रास डेमन या फुलपाखराची अळी असते. हळद-आल्याच्या कुळावरच ती वाढते. तिथे फवारणी करू नये. चार पानं खाल्ली गेली तरी कंदाचं फारसं बिघडत नाही.

कंद आणायचे कुठून, हा मात्र नाजूक भाग. जंगलात जाऊन खणून आणलेल्या कंदांची बाग ही बाग नव्हे, लूट आहे. सफेद मुसळीच्या एका जातीचं शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडलं आहे, आणि औषधासाठी झालेल्या बेसुमार खणतीने तीच जात रानात दुर्मीळ झाली. म्हणून रोपवाटिकेत विचारून घ्यावं, की कंद तिथेच वाढवलेले आहेत की रानातून उचललेले. उत्तर नीट मिळालं नाही तर घेऊ नये. रानहळदीचा एक गड्डा दोन-तीन वर्षांत फुटून बऱ्यापैकी वाढतो. मेमध्ये तो उकरून फोडला की शेजारच्या अंगणापुरते कंद निघतात.

दिवाळीच्या सुमारास रानहळदीची पानं जमिनीवर आडवी होतात आणि महिन्याभरात त्यांचा मागमूस उरत नाही. ती दिसत आहेत तोवरच प्रत्येक गड्ड्याजवळ बांबूची एक खुंटी ठोकून ठेवावी, म्हणजे उन्हाळ्यात त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागी कोणी कुदळ घालणार नाही.