धाडसाआधीचा हिशेब

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला ‘उद्योजकता विकास’ हा विषय निवडताना वर्गातल्या बहुतेकांच्या मनात एकच चित्र होतं. उद्योजक म्हणजे नोकरीवर लाथ मारणारा, घर गहाण टाकणारा, ‘होईल ते होईल’ म्हणत उडी घेणारा माणूस. सांगलीसारख्या शहरात, जिथे गल्लोगल्ली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत, तिथे हे चित्र ऐकूनच अर्धा वर्ग मागे सरतो. वर्षभर शिकल्यावर माझं मत असं झालं आहे की हे चित्र चुकीचं आहे आणि घातकही आहे. ज्यांनी उद्योग उभे केले त्यांच्यात धाडस होतंच, पण आपल्याला किती तोटा झेपेल याचा हिशेब त्यांनी आधी मांडला होता. हा हिशेब शिकता येतो. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख.

कडी कुठून फेकायची?

सुरुवातीच्या एका तासाला मॅडमनी वर्गात खुंटी ठेवली आणि दोरीच्या कड्या हातात दिल्या. कुठेही उभं राहून कडी खुंटीत टाकायची, अंतर ज्याचं त्याने ठरवायचं. काही जण खुंटीला चिकटून उभे राहिले, काही थेट मागच्या भिंतीपाशी गेले.

हा खेळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या संशोधनातला. काही साध्य करून दाखवण्याची ओढ ज्यांच्यात जास्त असते ते मधल्या अंतरावर उभे राहतात, असं त्यांना आढळलं. अगदी जवळून टाकायला कसब लागत नाही आणि फार लांबून टाकली तर सगळा भार नशिबावर. मधल्या अंतरावर सराव कामी येतो आणि नेम चुकला तर का चुकला हेही कळतं.

मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या साथीने आंध्रातल्या काकिनाडा शहरातल्या व्यावसायिकांना प्रशिक्षण दिलं आणि पुढे त्यांच्या कामावर लक्ष ठेवलं. योग्य प्रशिक्षणातून उद्योगाची प्रेरणा निर्माण करता येते आणि पारंपरिक समजुती त्याच्या आड येत नाहीत, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. अहमदाबादची भारतीय उद्योजकता विकास संस्था (१९८३) आणि आपलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र (१९८८) याच विश्वासावर उभी आहेत. ‘धंदा रक्तातच असावा लागतो’ हे वाक्य मराठी घरांत आजही सहज ऐकू येतं. काकिनाड्याचा प्रयोग होऊन साठेक वर्षं झाली, तरी तो आपल्या घरांपर्यंत पोहोचलेला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नोकरी सांभाळून काढलेलं दुकान

किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यात, पलूसजवळ. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आम्ही शाळेपासून ऐकत आलो होतो, पण ती नेहमी लोखंडी नांगरापासून सुरू व्हायची. या विषयात ती आधीपासून वाचली आणि वेगळीच दिसली.

लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बेळगावात सायकलचं दुकान निघालं ते १८८८ मध्ये, म्हणजे नोकरी चालू असतानाच. ते मुंबईतून सायकली पाठवायचे आणि भाऊ रामुअण्णा त्या बेळगावात विकायचे. दुकान बुडालं असतं तरी पगार बंद पडणार नव्हता. पुढे बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा त्यांच्यापाशी दुकानाचा अनुभव आणि ओळखीचं गिऱ्हाईक होतं. मग कडबा कापण्याचं यंत्र आलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची धारणा असल्याने हे नांगर बराच काळ पडून राहिले. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी जमीन आणि कर्ज दिलं आणि १९१० मध्ये कुंडल स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला.

यातली एकही पायरी डोळे मिटून घेतलेली नाही. एका पायरीने पुढच्या पायरीचा खर्च आणि ओळखी पुरवल्या. नांगर विकले जात नव्हते तेव्हा कडबा कापण्याचं यंत्र हाताशी होतं. माझ्या दृष्टीने किर्लोस्करांकडून शिकायची गोष्ट हीच आहे, आणि पाठ्यपुस्तकं नेमकी तिथेच घाईने पुढे सरकतात.

हाताशी असलेल्यापासून सुरुवात

सरस सरस्वती या भारतात जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवणाऱ्या संशोधक. त्यांनी २७ अनुभवी उद्योजकांना एकाच काल्पनिक उद्योगाविषयीचे प्रश्न सोडवायला दिले आणि ते कसा विचार करतात हे नोंदवलं. या अभ्यासातून आलेली मांडणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. आमच्या अभ्यासक्रमातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग हाच.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत आधी उद्दिष्ट ठरतं, मग त्यासाठी साधनं गोळा होतात. हे अनुभवी लोक उलट्या दिशेने निघाले. मी कोण आहे, मला काय येतं, माझ्या ओळखीत कोण आहे, इथून त्यांनी सुरुवात केली. नफा किती होईल याचे अंदाज बांधण्यात त्यांना रस नव्हता. ‘किती गेलं तर चालेल?’ हा त्यांचा प्रश्न होता. नफ्याचा आकडा कोणालाच ठाऊक नसतो. किती पैसे आणि किती महिने गेले तर आपल्या घराला सोसेल, हे मात्र प्रत्येकाला आज रात्री बसून काढता येतं.

लिज्जत पापडची सुरुवात याच अंगाने बघावी. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. पापड लाटणं त्यांना येत होतं आणि एकमेकींची सोबत होती. त्यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं. जसवंतीबेन पोपट त्या सातजणींपैकी एक, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लिज्जतमध्ये पापड लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची मालकीणही असते.

हळदीच्या पाकिटाचा हिशेब

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे आमच्या गटाने सरावासाठी हळद पावडर निवडली. आकडे गणितापुरते गृहीत धरलेले आहेत, पण रीत खरी आहे.

समजा, १०० ग्रॅमचं पाकीट दुकानदाराला २८ रुपयांना द्यायचं. हळकुंड, दळणावळ, पिशवी, वाहतूक मिळून पाकिटामागे २० रुपये खर्च. हाती उरतात ८ रुपये. गाळ्याचं भाडं, वीज आणि पॅकिंगला येणाऱ्या ताईंचा पगार धरून महिन्याचा ठरलेला खर्च १६,००० रुपये. १६,००० ला ८ ने भागलं की २,००० पाकिटं. इतकी विकली की नफा नाही, तोटाही नाही. पुस्तकात याला समविच्छेद बिंदू म्हणतात.

इथे मॅडमनी विचारलं, “आणि तुमचा पगार?” वर्गात शांतता. दिवसभर गाळ्यात उभं राहणाऱ्या माणसाचे महिन्याला १२,००० रुपये धरले तर ठरलेला खर्च २८,००० होतो आणि पाकिटं लागतात ३,५००. पाऊणपट जास्त.

घरगुती धंद्यांत ही रक्कम जवळजवळ कधीच धरली जात नाही. माझी आत्या उन्हाळ्यात शेवया आणि कुरडया करून विकते. गहू, तेल, गॅस वजा जाता जे उरतं त्याला ती फायदा म्हणते. पहाटे चारला उठून केलेलं काम त्यात कुठेच नसतं. बायकांचे किती तरी उद्योग वर्षानुवर्षं ‘चांगले चालतात’ आणि तरीही मोठे होत नाहीत, याचं एक मोठं कारण मला इथे दिसतं. दरात स्वतःची मजुरी धरलेली नसली की दुसरं माणूस कामावर ठेवायच्या दिवशी तो दर कोसळतो. या विषयातला एकच धडा घरोघरी पोहोचवायचा असेल तर मी हा पोहोचवेन.

उधारी

दुकानदार माल ठेवून घेतो, पैसे नंतर देतो. ३,५०० पाकिटं म्हणजे महिन्याला ९८,००० रुपयांची विक्री. ४५ दिवसांची उधारी असेल तर सुमारे १,४७,००० रुपये कायम बाहेर अडकलेले. मार्केट यार्डात हळदीचे पैसे तेवढे दिवस थांबत नाहीत, पॅकिंगच्या ताईंचा पगारही थांबत नाही. वहीत नफा दिसतो आणि गल्ला रिकामा, अशी अवस्था येते. खेळतं भांडवल म्हणतात ते हेच. नवे लोक गिरणीसाठी कर्ज काढतात आणि या दीड लाखाची तजवीज करायला विसरतात.

कायदा लहान उद्योगाच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. पण नुकतंच जोडलेलं गिऱ्हाईक तोडायची भीती असते, म्हणून लहान माणूस तक्रार करत नाही. त्यामुळे माल देतानाच मुदत बिलावर लिहून घेण्याची सवय मला कायद्याच्या कलमाइतकीच महत्त्वाची वाटते.

‘छान आहे’ याची किंमत

बाजार पाहणी करताना ‘आमची हळद घ्याल का?’ असं कधीच विचारू नये, हे आम्हाला पढवलं गेलं. कॉलेजची मुलं दारात आली की लोक मायेने ‘घेऊ की’ म्हणतात. त्यावर धंदा उभा राहत नाही. विचारायचं ते घडून गेलेल्या गोष्टींबद्दल. मागची हळद कुठून आणली, किती आणली, किती दिवस पुरली, काय दर पडला. अशा प्रश्नांतून आम्हाला समजलं की आमच्या भागातली बरीच घरं वर्षाची हळद एकदाच घेऊन दळून ठेवतात. १०० ग्रॅमच्या पाकिटाचं गिऱ्हाईक तिथे नव्हतंच. ते होतं भाड्याने राहणाऱ्या नोकरदारांत आणि वसतिगृहांच्या आसपासच्या किराणा दुकानांत.

अनुदानाविषयी थोडं

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून आहे. २०२२ च्या नियमांनुसार उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो. अनुदान प्रवर्ग आणि जागेप्रमाणे १५ ते ३५ टक्के, ग्रामीण भागात जास्त. स्वतःचा वाटा सर्वसाधारण प्रवर्गाला १० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर विशेष प्रवर्गांना ५ टक्के. पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट अशी की हे अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेवीसारखं राहतं आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळतं होतं. अनुदानावर डोळा ठेवून धंदा काढणाऱ्याची निराशा इथे ठरलेली आहे.

मुद्रा योजनेत (२०१५) ५०,००० पर्यंतचं ‘शिशु’ कर्ज तारणाशिवाय मिळतं. ‘किती गेलं तर चालेल?’ या हिशेबात झेपणाऱ्या तोट्याची मर्यादा बहुतेकांची याच रकमेच्या आसपास येईल.

अभ्यासक्रमात न सापडलेलं

बुडालेल्या धंद्यांचा अभ्यास आमच्याकडे नव्हता. प्रकल्प अहवाल छापून, बांधून देण्याला गुण होते. खऱ्या गिऱ्हाइकाला काही विकण्याला नव्हते. ही मोठी उणीव आहे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. ‘किती गेलं तर चालेल?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घरात सारखं नसतं. ज्याच्या वडिलांचा पेठेत गाळा आहे त्याला दोन लाख गेले तरी पुन्हा उभं राहता येतं. शेतमजुराच्या मुलीला पाच हजारही गेलेले परवडत नाहीत. सातबारा आणि घर पुरुषांच्या नावावर असल्याने तारण द्यायची वेळ आली की मुली मागे पडतात. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन केलं, ते ओळखी, बाजारपेठ आणि बँकेचं दार या गोष्टी काही समाजांना पिढ्यान्पिढ्या मिळाल्या नाहीत म्हणून. उद्योजकतेच्या पुस्तकात हा धडा पहिल्या भागात हवा.

विचारायला कुठे जायचं?

जिल्हा उद्योग केंद्रं १९७८ पासून आहेत. योजनांची माहिती आणि अर्ज तिथे मिळतात आणि विचारायला पैसे लागत नाहीत. लहान उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे, आधार क्रमांकावर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. या नोंदणीसाठी हजार-दोन हजार रुपये मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांना आणि मध्यस्थांना एक रुपयाही देऊ नका. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच, स्वतः बसून भरा.