पुसलेली छायाचित्रे परत मिळू शकतात

खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड चुकून 'फॉरमॅट' झाले, की बारशाची वा सहलीची छायाचित्रे कायमची गेली, असा समज होतो. प्रत्यक्षात साध्या फॉरमॅटमध्ये बहुधा छायाचित्रांच्या केवळ नोंदी पुसल्या जातात. मूळ माहिती कार्डावर राहते. मात्र त्यानंतर काढलेले नवे छायाचित्र त्याच जागेवर लिहिले जाऊ शकते. म्हणून चूक लक्षात येताच छायाचित्रण थांबवावे, कार्ड बाहेर काढावे आणि एसडी कार्डाच्या कडेची कळ 'लॉक'कडे सरकवावी.

कार्ड रीडरद्वारे संगणकाला जोडल्यावर 'फोटोरेक'सारख्या मोफत सॉफ्टवेअरने छायाचित्रे शोधता येतात. सापडलेली छायाचित्रे संगणकावरच साठवावीत. कॅमेऱ्यात 'लो लेव्हल फॉरमॅट' केले असल्यास मात्र फारशी आशा उरत नाही.