न्हावा शेवाची कागदपत्रे आणि मजकुरातील शोध

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर न्हावा शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरात उतरणाऱ्या मालासाठी बिल ऑफ एन्ट्री आणि तेथून बाहेर जाणाऱ्या मालासाठी शिपिंग बिल दाखल करावे लागते. ही कागदपत्रे आता संगणकावरच भरली जात असल्यामुळे त्यांतील हवा तो मजकूर शोधण्याचे कामही संगणकावर सोपवलेले असते. एकापुढे एक आलेल्या अक्षरांच्या, अंकांच्या, चिन्हांच्या आणि मोकळ्या जागांच्या रांगेला प्रोग्रॅमिंगमध्ये ‘स्ट्रिंग’ म्हणतात, आणि एका मोठ्या स्ट्रिंगमध्ये दुसरी लहान स्ट्रिंग सलग सापडते की नाही, हे तपासण्याची सोय जवळजवळ प्रत्येक भाषेत असते. पायथनमध्ये ती ‘इन’ या शब्दाने, जावामध्ये ‘कंटेन्स’ने आणि जावास्क्रिप्टमध्ये ‘इन्क्लूड्स’ने मिळते, उत्तर फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच येते.

लहान स्ट्रिंग मोठीच्या आरंभाशी लावून एकेक अक्षर ताडून पाहायचे आणि जुळले नाही तर एक घर पुढे सरकायचे, ही यामागची सर्वांत साधी पद्धत होय. १९७७ मध्ये नूथ, मॉरिस आणि प्रॅट यांनी, तसेच त्याच वर्षी बॉयर आणि मूर यांनी, आधीच्या तुलनेतून मिळालेली माहिती वापरून अनावश्यक घरे वगळण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या. वेगाचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटला. अर्थाचा प्रश्न मात्र सुटला नाही, आणि बंदराच्या कामात खरी जोखीम तिथेच आहे.

धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या चार अंकी क्रमांकांत पेट्रोलचा क्रमांक १२०३ आहे. पेट्रोलचे कंटेनर वेगळे काढण्यासाठी संपूर्ण कागदपत्रात ‘१२०३’ शोधले, तर ज्या कंटेनरच्या क्रमांकात ४१२०३५ असे अंक आहेत, त्यात कापूस भरलेला असला तरी तो यादीत येईल. कंटेनरच्या क्रमांकात चार रोमन अक्षरे, सहा अंक आणि शेवटी पडताळणीचा एक अंक असतो, म्हणून त्यात कोणतेही चार अंक योगायोगाने सलग येऊ शकतात. सीमाशुल्काच्या स्थानसंकेतांचेही तसेच आहे: मुंबईच्या सागरी बंदराचा संकेत ‘आयएनबीओएम१’ आणि विमानमालाचा ‘आयएनबीओएम४’ असल्याने, शेवटचा अंक सोडून शोध घेतल्यास जहाजाचा आणि विमानाचा माल एकाच ढिगात पडतो. अशा ठिकाणी ‘अंतर्भूत आहे का’ असे न विचारता नेमका तोच रकाना घेऊन ‘पूर्णपणे समान आहे का’ असे विचारणे योग्य ठरते. शोधाचा रकानाच रिकामा राहिला तर परिणाम आणखी गंभीर होतो, कारण रिकामी स्ट्रिंग प्रत्येक स्ट्रिंगमध्ये अंतर्भूत मानली जाते आणि एकूण एक कागदपत्र जुळल्याचे उत्तर मिळते.

मराठी मजकुरात ही अडचण दुहेरी होते. मालाच्या वर्णनात ‘राख’ शोधले तर ‘राखीव’ या शब्दातही ती सापडते. उलट ‘मीठ’ शोधले तर ‘मिठाची पोती’ मात्र सापडत नाहीत, कारण विभक्तिप्रत्यय लागताना दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो आणि संगणकाला ती दोन वेगळी चिन्हे दिसतात. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा ‘र’: तो युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या क्रमांनी साठवता येतो, एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने आणि एकदा साध्या ‘र’नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात, तरी एक दुसऱ्यात सापडत नाही. म्हणून मराठीतील शोध लिहिणाऱ्याने आधी अशी पर्यायी रूपे एकाच रूपात आणली पाहिजेत, शब्दाच्या सीमा तपासल्या पाहिजेत आणि ‘मीठ’सोबत ‘मिठा’ हे सामान्यरूपही शोधात घेतले पाहिजे. इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलल्यास यांतील एकही गोष्ट आपोआप होत नाही.